मधला पाय

फिश टँक बघायला आलेला पाहुणा कधी खाली वाकत नाही. तो काचेसमोर उभा राहतो, ऑस्कर माशापुढे बोट फिरवतो, ‘अरे, हा बोटामागे येतो की!’ म्हणून खूश होतो, केवढा वाढतो, किती वर्षं जगतो, केवढ्याला पडला हे विचारतो आणि चहाकडे वळतो. टँकखालच्या कपाटाचं दार उघडून ‘इथे काय आहे?’ असं विचारणारे मला आजवर दोनच प्रकारचे लोक भेटले. लहान मुलं आणि प्लंबर.

खाली सम्प असतो. काचेचीच, पण पार्टिशनं टाकलेली, दिसायला अगदी ओबडधोबड टाकी. वरच्या टँकच्या कोपऱ्यात दाते पाडलेली एक काचेची भिंत असते. तिच्यावरून पाणी सांडतं, पाइपातून खाली येतं, कापडी मोज्यातून गाळलं जातं, मग स्पंजातून, मग सिरॅमिकच्या नळकांड्यांच्या ढिगातून जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप त्याला पुन्हा वर ढकलतो. खरं काम त्या सिरॅमिकच्या ढिगात चालतं. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून तयार होणाऱ्या अमोनियाचं जिवाणूंची एक जमात नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट करते. पहिले दोन माशांना थोडक्या प्रमाणातही घातक. तिसरं बरंच सोसतं, ते आपण पाणी बदलून काढून टाकतो. या जिवाणूंना बसायला जागा आणि श्वासाला ऑक्सिजन एवढंच हवं असतं. या दोन्ही गोष्टी सम्प पुरवतो.

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. हुशार, माणूस ओळखणारा, रुसणारा आणि कमालीचा घाणेरडा. खाताना निम्मं कल्ल्यांतून भुसा करून बाहेर फेकतो. माझ्याकडे दोन आहेत. पिल्लं आणली तेव्हा दोन-दोन इंचांची होती, तेव्हा जो सम्प प्रशस्त वाटायचा तो पुढे दर दोन दिवसांनी मोजा धुवायला लावू लागला. पण सम्प बदलायचं खरं कारण घाण हे नव्हतं. कारण गुरुवार हे होतं.

पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या देखभालीचा वार. सकाळी कधीतरी पंखा थांबतो आणि त्याबरोबर पंपही. आता वरचं पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत सांडत राहणार. शिवाय परतीच्या पाइपातून ते उलटं खाली येऊ लागणार, पृष्ठभागाजवळ सायफन तोडण्यासाठी पाडलेलं बारीक भोक उघडं पडून हवा ओढेपर्यंत. माझ्या टँकमध्ये हे सगळं मिळून पाणी दीड इंच उतरतं. दीड इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण टँकचा तळ चार बाय दीड, म्हणजे सहा चौरस फूट, आणि जुन्या सम्पचा दोन बाय एक, म्हणजे दोन. वरचा एक इंच खाली तीन इंच होऊन येतो. दीडाचे साडेचार. सम्पची उंची चौदा इंच, चालू असताना पाणी नऊ इंचांवर, वीज गेली की साडेतेरा. पाइपांतलं पाणी धरलं तर काठाला पाव इंच शिल्लक. पाणी सांडलं कधीच नाही, पण दर गुरुवारी ऑफिसात बसून मी त्या पाव इंचाचा विचार करायचो.

मग पाणी नऊऐवजी सात इंचांवर ठेव की, असं कोणीही म्हणेल. ते उन्हाळ्यात जमत नाही. सम्पची एक गंमत अशी की बाष्पीभवन सगळ्या पाण्याचं होतं, पण घट दिसते फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात. वरचा टँक दात्यांपर्यंत भरलेलाच राहतो, मधले कप्पे पार्टिशनपर्यंत भरलेलेच राहतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून रोज जेवढं उडून जातं तेवढं सगळं त्या वीतभर कप्प्यातून वजा होतं, आणि दोन दिवस गावाला गेलं की पंप हवा ओढून गुरगुरायला लागतो. म्हणजे गुरुवारसाठी सम्प रिकामा हवा आणि मे महिन्यासाठी भरलेला हवा. दोन्ही एकाच डब्यात हवं असेल तर डबा मोठा लागतो. छत्तीस इंच लांब, चौदा रुंद, सोळा उंच. काठोकाठ भरला तर १३२ लिटर, पण तो काठोकाठ भरायचाच नाही.

हे शेवटचं वाक्य घरात समजावून सांगणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत अवघड भाग.

‘मोठा कशाला हवाय?’

‘वीज गेली की वरचं पाणी मावायला.’

‘म्हणजे एरवी?’

‘एरवी अर्धा रिकामा.’

बायकोनं यावर काही न बोलता टँकखालच्या स्टँडच्या उजव्या दाराकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ कळायला आमच्या स्टँडची रचना सांगायला हवी. चार फुटांच्या स्टँडला पुढच्या बाजूला बरोबर मध्यावर एक उभा पाय होता, चाळीस बाय चाळीस मिलीमीटरच्या चौकोनी पाइपचा. त्याच्या डावीकडचे दोन फूट माझे. सम्प, बादली, एअर पंप, ओल्या मोज्यांचा वास. उजवीकडचे दोन फूट घराचे. त्यात गणपतीचं घडीचं मखर, दिव्यांच्या माळा, आकाशकंदील, फराळाचे मोठे डबे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली बबल रॅपची गुंडाळी. ही वाटणी कोणी बसून केली नव्हती. सम्प दोन फुटांचा होता म्हणून उजवीकडे जागा उरली, आणि सिंहगड रोडवरच्या दोन बेडरूमच्या घरात उरलेली जागा फार दिवस उरलेली राहत नाही. नवा सम्प त्या पायाच्या मागून फूटभर पलीकडे जाणार होता. थोडक्यात, मखराच्या जागी मी हवा ठेवायला मागत होतो.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये रिकाम्या जागेची बाजू कोणी घेत नाही. भिंतीत कोनाडा दिसला की तिथे शू-रॅक, बेडखाली पोकळी दिसली की ड्रॉवर. चौरस फुटाचा भाव दिला आहे, तो वसूल व्हायला हवा. मी स्वतः याच मताचा. त्यामुळे रिकामेपण हेच ज्याचं काम आहे अशी वस्तू घरात आणताना युक्तिवादाला शब्द सापडेनात. शेवटी मी खडकवासल्याकडे वळलो.

खडकवासल्याच्या वर तीन धरणं आहेत. पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. तिघांचं मिळून सव्वासत्तावीसच्या आसपास. या तिघांनी सोडलेलं सगळं पाणी येतं ते खडकवासल्यात, आणि खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. वरच्यांच्या साधारण चौदावा हिस्सा. त्यामुळे पावसाळ्यात ते लवकर भरतं, तुडुंब होऊ न देता येणाऱ्या पाण्यासाठी त्यात जागा राखावी लागते, आणि जागा संपत आली की मुठेत विसर्ग सुरू होतो. मग टीव्हीवर क्युसेकचे आकडे आणि पाण्याखाली गेलेला भिडे पूल. २०२४च्या २५ जुलैला आमच्याच रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरून बोटी बघितल्या होत्या. तर आपला सम्प हे खडकवासला आहे, असं मी आईला सांगितलं. वरचा टँक मोठा, खालचा छोटा. खालच्याला रिकामी जागा लागते.

आई १९६१ साली शाळेत होती, घर शनिवार पेठेत. १२ जुलैला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं, हे तिला मी सांगण्याची गरज नव्हती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुला धरणाचं एवढं कळतं, मग सिंहगड रोडला घर कशाला घेतलंस?’

मखर अखेर बेडरूमच्या माळ्यावर गेलं. त्यासाठी माळ्यावरची माझी कॉलेजची पुस्तकं रद्दीत गेली. हा सौदा कोणी लिहून ठेवला नाही, पण झाला.

आता पाय. नव्या सम्पची रुंदी चौदा इंच, स्टँडच्या पुढच्या-मागच्या पाइपांमधलं अंतर पावणेपंधरा. म्हणजे एकदा आत गेला की सम्प पायाच्या मागे आरामात बसणार होता. प्रश्न आत कसा जाणार हा होता. पुढून पाय आडवा. बाजूनं सरकवावा तर एका बाजूला इमारतीचा कॉलम, दुसऱ्या बाजूला गॅलरीचं दार. छत्तीस इंची काच वळवून घालायला जागा नाही. आतच बसून काचा चिकटवाव्यात असाही एक सल्ला मिळाला. सिलिकॉनच्या आंबट वासात कपाटात डोकं घालून बसायची माझी तयारी नव्हती, आणि तो सम्प पुढे बाहेर काढायचा झाल्यास फोडूनच काढावा लागला असता.

धायरीच्या ज्या फॅब्रिकेशनवाल्या मामांनी मूळ स्टँड बनवला होता त्यांनी फोटो बघून एका दमात निकाल दिला. ‘कापून टाकू पाय. काय न्हाय होत, साहेब. चाळीसचा पाइप हाय, वर हत्ती उभा करा.’

माझे भावोजी सिव्हिल इंजिनिअर. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘हत्तीला वाकलेला पाइप चालतो. काचेला चालत नाही.’

मग त्यांनी कागद ओढला. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ३१० लिटर, म्हणजे तेवढेच किलो. बारा मिलीमीटरच्या काचेचं वजन पाऊणशे किलोच्या घरात, वाळू तीस. सगळं मिळून चारशेच्या पुढे, त्यातलं निम्मं पुढच्या आडव्या पाइपावर. पाय असताना हा पाइप दोन-दोन फुटांचे दोन तुकडे असल्यासारखा काम करतो. पाय काढला की चार फुटांचा एक. आणि अंतर दुप्पट झालं की त्याच वजनाखालचा बाक दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. दर फुटामागचं वजन तेच राहिलं तर बाक लांबीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. एकटा चाळीसचा पाइप मध्यावर तीन मिलीमीटरपेक्षा जास्त वाकला असता. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, पण तळाच्या काचेचे कोपरे टेकलेले आणि मधला भाग अधांतरी, अशी अवस्था आली की काच आज नाही तर चार महिन्यांनी, रात्री तीन वाजता, आपला निर्णय घेते.

मामांनी मधला मार्ग सुचवला. पाय नट-बोल्टचा करू, सम्प सरकवायचा आणि पाय परत लावायचा. मला हे फार पटलं होतं. भावोजींना नाही. पुढेमागे सम्प धुवायला बाहेर काढशील तेव्हा वर टँक भरलेला असणार, आणि नेमका तेव्हाच पाय काढलेला असणार. शिवाय एकदा वाकलेल्या पाइपाखाली पाय पुन्हा लावला तरी तो बाक उचलून धरत नाही, नुसता उभा राहतो. तेव्हा पाय गेला तरी चालेल असाच वरचा आडवा करायचा. चाळीसच्या खाली आणखी एक चाळीस जोडायचा.

इथे मला मामांचा खरा हात दिसला. दोन पाइप एकावर एक नुसते ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. सांध्यावर वेल्डिंगचे टाके मारून त्यांना एकजीव केलं तर पाच पटींहून जास्त, कारण मग ते एकमेकांवर घसरू शकत नाहीत. भावोजींनी हे कागदावर काढलं, मामांना ते कागदाशिवाय ठाऊक होतं. मला वाटलं होतं, ते सांध्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग मारतील. त्यांनी तसं केलं नाही. दोन्ही पाइप सी-क्लॅम्पनं आवळले, आधी दोन्ही टोकांना आणि मध्ये धरून ठेवण्यापुरते टॅक मारले, मग पुढच्या बाजूला इंचभर टाका, पाइप उलटा करून मागच्या बाजूला इंचभर टाका, मग चार बोटं सोडून पुढचा. प्रत्येक टाक्यानंतर पाइपाला हाताची उलटी बाजू लावून बघायचे आणि गरम असला तर बिडी पेटवायचे. सलग मारलं तर तापलेली बाजू आकसते आणि पाइप तिकडे ओढला जातो, ‘केळं होतंय त्याचं’. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या मारल्या, उघडी तोंडं पत्रा लावून बंद केली, नाहीतर दमट हवा आत शिरून पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग चकचकीतच राहतो. रेड ऑक्साइड, वर काळा ऑइलपेंट. काटकोन बघायचा गुण्या लावून चारही कोपरे तपासले. मागचा मधला पाय कुणाच्या आड येत नव्हता, तो तसाच ठेवला.

नव्या जोडपाइपामुळे तोंडाची उंची चाळीस मिलीमीटरनं कमी झाली. म्हणून सम्प सोळा इंचांचा, अठराचा नाही. वर आठ इंच राहतात. हौशी लोक सम्प जेवढा मावेल तेवढा उंच करतात आणि मग भरलेला, ठिबकणारा मोजा बाहेर काढताना कळतं की हाताला कोपरही असतं.

स्टँड दुकानात असेपर्यंत घरात जे चाललं होतं त्याला संसार म्हणता येणार नाही. ऑस्कर झाकण बांधलेल्या निळ्या पिंपात. झाकण बांधायलाच हवं, ते उडी मारतात. जुनं पाणी शेजारच्या पिंपांत, वाळू टबात आणि सिरॅमिक मीडिया, म्हणजे ती जिवाणूंची नळकांडी, बादलीत टँकच्याच पाण्यात, त्यात एअर पंप सतत चालू. माशांपेक्षा मला या बादलीची काळजी जास्त होती. मीडिया वाळला किंवा हवा बंद पडली तर जिवाणू मरतात, आणि मग नवीकोरी, चकचकीत व्यवस्था सुरू करून आपण माशांना अमोनियात सोडतो. नळाच्या पाण्यानंही धुवायचा नाही, क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं आहे. मोठा ऑस्कर पिंपाच्या तळाशी कुशीवर पडून राहिला. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेला असं वाटतं. मुलगी घाबरली. मी म्हटलं, रुसलाय. पिंपावर टिचकी मारली तर एक डोळा तेवढा वळला.

बाकीची खरेदी नेहमीच्या वाटांनी. टँक निपल, बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन, म्हणजे खोलता येणारे पाइपाचे जोड, बोहरी आळीतून, बोर्ड आणि वायर तापकीर गल्लीतून, स्टँडवर टाकायचं मरीन प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. युनियनवर कंजुषी करू नये. पंप साफ करायला काढताना पाइप कापावा लागला की त्या वाचवलेल्या पैशांची आठवण येते.

स्टँड जागेवर ठेवून गवंड्याच्या पारदर्शक नळीनं चारही कोपऱ्यांची पातळी घेतली. प्लायवर थर्माकोलची पातळ शीट, त्यावर टँक. टँक उचलायला सोसायटीतले दोघे, भावोजी आणि मी. ‘एवढं उचलायचं होतं तर मासे छोटे घ्यायचे’ हा विनोद ज्यांनी केला त्यांनीच सर्वांत जड कोपरा उचलला, म्हणून सोडून दिलं.

मग भावोजींनी नव्या आडव्याच्या खाली दोन्ही टोकांना एकेक रुपयाचं नाणं चिकटवलं आणि त्यांवरून दोरा ताणून बांधला. पाइप आणि दोरा यांच्यामधली फट सगळीकडे एका नाण्याएवढी. टँक रिकामा असताना मध्यावर तिसरं नाणं सरकवून बघितलं, जेमतेम सरकलं. पाणी चढत गेलं, पाव, अर्धा, पाऊण, तसं ते मध्ये अडकायला लागलं. पूर्ण भरल्यावर नाणं शिरेना, पण व्हिजिटिंग कार्डं घातली तर दोन एकावर एक सरकली. म्हणजे बाक अर्ध्या मिलीमीटरच्या थोडा वर. भावोजींच्या कागदावरचा आकडा ०.६२ होता. ते काही बोलले नाहीत, फक्त कागद घडी करून माझ्या खिशात घातला. मामांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, ‘म्हनलं नव्हतं, हत्ती?’

वजनाचा एक मुद्दा राहिलाच. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या मानकात चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ दोनशे किलो भार धरतात, तोही सगळीकडे पसरलेला. आमचा टँक, स्टँड, सम्प मिळून पाचशेवर जातो आणि बसतो जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. तो मुळातच बीमवर, भिंतीला लागून, कॉलमच्या शेजारी ठेवला होता म्हणून नव्या सम्पचे तीसेक लिटर जास्तीचे घालायला भावोजी तयार झाले. हॉलच्या मधोमध पार्टिशनसारखा टँक ठेवायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी आपल्या इमारतीचा नकाशा काढावा आणि कुणातरी भावोजींना जेवायला बोलवावं.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टी घेतली नव्हती, पण कामाला उशिरा निघालो. सव्वानऊला पंखा थांबला. दार उघडून टॉर्च मारून बसलो. वरचा दीड इंच आता खाली अडीच इंचांपेक्षा थोडा जास्त होतो, कारण तळ साडेतीन चौरस फुटांचा आहे. नऊवरून पाणी पावणेबाराच्या खुणेला थांबलं. वर सव्वाचार इंच कोरडी काच. बायको मागून येऊन बघून गेली. म्हणाली, ‘एवढी जागा? मग वर एक फळी बसेल की.’

फळी बसवलेली नाही. पण स्टँडच्या उजव्या टोकाला सम्प संपल्यावर नऊ इंचांची एक उभी पट्टी उरली आहे. तिथे मी वायरिंगचा बोर्ड लावला, जमिनीपासून उंच, वायरी बोर्डाच्या खाली झोळ देऊन वर नेलेल्या, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळला तरी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली पडेल. बोर्डाखाली माशांचं खाणं आणि टेस्ट किट ठेवायचं ठरवलं होतं. ठेवलंही. त्याच्या शेजारी आता दिव्यांच्या माळांची एक पिशवी आहे. माळ्यावर हात पोचत नाही म्हणून. ती तात्पुरती आहे, असं मला सांगण्यात आलं आहे.